माती कुणी धुवायची?

मार्च लागला की मोबाइलवर बालवाड्यांच्या सजावटीचे रील्स सुरू होतात. थीम अर्थातच ‘स्प्रिंग’. ट्यूलिप, डॅफोडिल, कापसाचे ससे, भिंतीवर फिक्या गुलाबी रंगाची फुलपाखरं. आमच्या कोल्हापुरात यातलं काहीही उगवत नाही. इथला वसंत आधी रखरखीत दिसतो. पळस सगळी पानं टाकून मग पेटतो. सावरीची जाडजूड लाल फुलं टपाटपा खाली पडतात. शिरीषाच्या वाळक्या शेंगा वाऱ्यानं खुळखुळतात आणि त्याच आठवड्यात पिंपळाला तांबूस पालवी फुटते. एक जातंय आणि एक येतंय, हे तीन वर्षांच्या पोरालाही दिसावं इतकं उघड.

म्हणून ‘बालवाडीला निसर्गाचा टच द्या’ हा सल्ला मला आवडतो, पण त्याबरोबर एक प्रश्नही पडतो. हा टच कुणासाठी? माझी कसोटी साधी आहे. तिथं ठेवलेली वस्तू मुलाला उचलता, मोडता, भिजवता, खिशात घालून घरी नेता येते का? येत नसेल, तर ती सजावट पालकांसाठी आणि फोटोसाठी आहे. दोरीनं बांधलेली वेताची टोपली आणि ‘हात लावू नये’ अशी कुंडी, यांत आणि प्लास्टिकच्या फुलात मुलाच्या दृष्टीनं फारसा फरक नाही. उलट सावरीचं पडलेलं फूल पाण्यात बुडवलं, पाकळ्या ओरबाडल्या, चिखलात कालवल्या, तर त्यात दहा मिनिटांचं विज्ञान आहे आणि खर्च शून्य.

मराठी माणसाला हे नवीन वाटायचं कारण नाही. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या, तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं खेड्याला परवडणार नाहीत हे त्यांनी ओळखलं होतं. मग बिया, शंख-शिंपले, दगड, पानं, माती हीच साधनं झाली. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. पुढं १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. गुरं चारणाऱ्या पोरांसाठी तिथं कुरणशाळाही चालली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज आपण सरकारी योजनेचा म्हणून वापरतो, पण त्यात आधी अंगण आहे.

मग मधल्या काळात काय झालं? अंगणावर फरशी आली, फरशीवर रबरी मॅट आली, आता काही ठिकाणी हिरवं प्लास्टिकचं गवत आलंय. एप्रिलच्या उन्हात ते इतकं तापतं की त्यावर अनवाणी पाय ठेववत नाही. आणि हे कोल्हापुरात! जिथं तालमीतल्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून तिला पोटच्या पोरासारखं सांभाळतात, जिथं शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानाची माती लोक कपाळाला लावतात. पैलवानाच्या अंगावरची माती आपल्याला अभिमानाची वाटते, पोराच्या गुडघ्यावरची मात्र निष्काळजीपणाची.

विज्ञान मातीच्या बाजूनं बोलतंय. फिनलंडमध्ये काही पाळणाघरांच्या खडीच्या अंगणात जंगलातली माती, गवत, कुंड्या आणल्या आणि मुलांना त्यात रोज खेळू दिलं. २८ दिवसांत मुलांच्या त्वचेवरच्या सूक्ष्मजीवांची विविधता वाढली आणि रक्तात रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित चांगले बदल दिसले. हा अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. नमुना लहान होता, पण दिशा स्पष्ट होती.

इथवर सगळं सोपं आहे. माझा खरा प्रश्न पुढं सुरू होतो. ही माती धुवायची कुणी?

‘मुलांना मळू द्या’ हे वाक्य म्हणणारा माणूस बहुतेक वेळा कपडे धुणारा नसतो. मळलेला युनिफॉर्म घरी आईच्या वाट्याला जातो. मळलेली खोली अंगणवाडीत मदतनीस ताईंच्या वाट्याला येते. एकात्मिक बालविकास योजना १९७५पासून चालू आहे, पण सेविका आणि मदतनीस यांना आजही मिळतं ते ‘मानधन’. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाचा २०२२चा निकाल लागला. जिच्या कामाला आपण पगार म्हणत नाही, तिच्या झाडूवर आपण मुलांचं स्वातंत्र्य उभं करायचं का?

दुसरीकडं, ‘माझ्या पोराला मातीत बसवू नका’ म्हणणारी आई मागासलेली असते, असंही मला वाटत नाही. जिची आई-आजी उसाच्या फडात राबली, तिच्यासाठी माती म्हणजे मजुरी. पांढऱ्याशुभ्र मोज्यांत शाळेत जाणारं पोर हे तिच्यासाठी दोन पिढ्यांनी गाठलेलं ठिकाण आहे. महागड्या प्रीस्कूलमध्ये ‘मड प्ले’ हा उपक्रम असतो, फी भरून. वस्तीतल्या मुलाच्या अंगावर तीच माती दिसली तर आपण त्याला ‘घाणेरडं’ म्हणतो. माती तीच, फक्त कुणाच्या अंगावर आहे यावर तिचं नाव ठरतं. ज्याला ती कधीही झटकता येते, त्यालाच ती हौस म्हणून परवडते.

मग माती नकोच का? मला तसं वाटत नाही. उत्तर कोसबाडच्याच कामात आहे. तिथं मुलांना अंघोळ घालणं, नखं काढणं, केस विंचरणं हा शिक्षणाआधीचा उरक नव्हता, ते शिक्षणच होतं. धुणं हे खेळाच्या बाहेरचं काम मानलं की ते गुपचूप कुणातरी बाईवर पडतं. ते खेळाच्या आत घेतलं, तर मुलाचं होतं.

म्हणजे चैत्रात बालवाडी नवी करायची असेल, तर खरेदीची पहिली वस्तू लाकडी खेळणी नव्हे, मुलाच्या उंचीचा नळ. त्याखाली एक घमेलं, शेजारी जुने शर्ट अडकवायला खुंट्या, लहान हातात मावणारे झाडू. मग मातीचा ढीग, पाचट, शेंगा, गळलेल्या कैऱ्या, कुंभाराकडचा चिखल. गुंजा मात्र नकोत, त्या विषारी असतात. आणि अगदी लहानांच्या हाती चिंचोकेही नकोत, घशात अडकतात. खेळ संपला की अर्धा तास आवरण्याचा, वेळापत्रकात लिहिलेला. त्यातूनही जे काम उरेल, त्याचे पैसे मदतनीस ताईंना मिळाले पाहिजेत आणि महिन्यातून एक शनिवार आई-बाबा दोघांनी, हो, बाबांनीसुद्धा, अंगण झाडायला यावं.

चार वर्षांचं मूल नीट झाडत नाही, हे मान्य. अर्धा कचरा इकडचा तिकडं होतो. पण आपण केलेला पसारा कुणीतरी उचलतं, आणि ते ‘कुणीतरी’ आपणही असू शकतो, ही गोष्ट त्याच्या हाताला कळते. निसर्गाशी नातं म्हणजे फक्त फुलं बघून हरखणं नव्हे. पिंपळाखाली पडलेलं पानही कुणाला तरी झाडावं लागतं, हे ज्या पोराला चौथ्या वर्षी कळलं, त्याला वसंत ट्यूलिपविनाही समजेल.