इसहाकाचा हात आणि रक्ताची पिशवी



गेल्या महिन्यात एका रक्तदान शिबिरात आम्ही रांगेत सर्वांत पुढे उभे होतो. धर्मगुरूंनी आधी दिले की लोक देतात, असा हिशेब. फॉर्म भरून घेणारी मुलगी नर्सिंगची विद्यार्थिनी होती, आपल्याच धर्मग्रामातली. तिने विचारले, ‘फादर, गेल्या तीन महिन्यांत हिवताप झाला होता का?’ झाला होता. दीड महिन्यापूर्वी गडचिरोलीहून परतल्यावर गोळ्यांचा पूर्ण कोर्स घेतला होता. पण मागे लोक उभे, समोर फोटो काढणारा. आम्ही म्हणालो, ‘नाही.’ तिने पेन खाली ठेवले आणि तोच प्रश्न पुन्हा, हळू आवाजात विचारला. मग आम्ही खरे बोललो. तिने आम्हाला परत पाठवले.

त्या दिवशी आम्हाला उत्पत्तीच्या पुस्तकातील 27 वा अध्याय आठवला. म्हातारा इसहाक, दृष्टी गेलेली. धाकटा याकोब हातांना करडांचे कातडे गुंडाळून थोरल्या एसावाचा आशीर्वाद घ्यायला येतो. इसहाकाला शंका येते. आवाज एकाचा, हात दुसऱ्याचे. तो चाचपून पाहतो आणि शेवटी विचारतो, तू खरोखर एसावच ना? याकोब होय म्हणतो. शंका आली असूनही म्हातारा थांबला नाही, कोणाला हाक मारून खात्री करून घेतली नाही. आशीर्वाद एकाचा दुसऱ्याला गेला, आणि खरा एसाव दारात आला तेव्हा तो परत घेता येईना.

रक्ताचेही तसेच आहे. एकाची पिशवी दुसऱ्याला चढली, तर ती परत काढता येत नाही. गट जुळला नाही तर रक्तपेशी फुटतात, मूत्रपिंडे बंद पडू शकतात, माणूस दगावू शकतो. असे अनेकदा प्रयोगशाळेत नव्हे, खाटेपाशीच घडते: घाई, सारखी नावे, रात्रपाळी. आपल्या भागात एकाच वॉर्डात एकाच नावाच्या दोन बाया सहज सापडतात.

म्हणून आपल्या मुली शिकतात की ‘तुम्ही सुमनबाई ना?’ असे विचारायचे नाही. तापात असलेला माणूस कशालाही हो म्हणतो. ‘तुमचे नाव काय?’ असे विचारायचे. मग मनगटावरची पट्टी, नोंदणी क्रमांक, पिशवीचा क्रमांक, गट आणि मुदत पाहायची, आणि हे दोघांनी मिळून. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ‘हा तोच माणूस कशावरून?’ या प्रश्नावर आम्ही पानेच्या पाने लिहिली. नर्सला त्याचे उत्तर दोन मिनिटांत, चूक न करता द्यावे लागते.

नुसता गट पाहून भागत नाही, हे आपल्याच मुंबईने जगाला दाखवले. 1952 मध्ये केईएम रुग्णालयातील डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी असा गट शोधला, जो साध्या तपासणीत ‘ओ’ दिसतो, पण त्या माणसाला ‘ओ’चे रक्तही चालत नाही. त्याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. म्हणूनच रक्तपेढी रुग्णाचा नमुना मागते आणि क्रॉसमॅच करते. ‘एवढा वेळ का लावता?’ म्हणून तिथे भांडू नका.

पिशवी फ्रिजमधून आल्यावर अर्ध्या तासात सुरू व्हावी, चार तासांत संपावी. ऊब यावी म्हणून नातेवाईक ती पदरात गुंडाळतात किंवा उन्हात धरतात. माया कळते, पण तसे करू नये. पहिली पंधरा मिनिटे रक्त हळू जाते आणि नर्सने खाटेजवळच असावे लागते. थंडी वाजली, कंबर दुखली, श्वास लागला, तर आधी रक्त बंद, मग डॉक्टरांना हाक. शोमरोनी माणूस जखमांवर तेल ओतून निघून गेला नाही. ती रात्र तो त्या जखमी माणसाजवळ राहिला.

पूर्वी पैसे घेऊन रक्त विकणारे असत. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर, 1 जानेवारी 1998 पासून ते बंद झाले. आता प्रत्येक पिशवी एचआयव्ही, दोन प्रकारची कावीळ, गुप्तरोग आणि हिवताप यांसाठी तपासली जाते. तरीही संसर्ग नुकताच झाला असेल, तर तो तपासणीत निसटू शकतो. मे 2022 मध्ये नागपुरातून बातमी आली की रक्त घेणाऱ्या थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्हीची बाधा झाली आणि त्यांतले एक मूल दगावले. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलची मुले घरोघरी नसली तरी गावोगावी आहेत, आणि त्यांतल्या काहींना पुन्हा पुन्हा रक्त लागते. ते ज्या पिशवीवर विसंबतात, तिचा पहिला पहारेकरी रक्तदाता आहे, फॉर्मवर खरे लिहिणारा. आम्ही तिथेच घसरलो होतो.

अठरा वर्षे पूर्ण, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5 असेल तर देता येते. पुरुषांना तीन महिन्यांनी, स्त्रियांना चार महिन्यांनी. हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवलेल्या भगिनींनी वाईट वाटून घेऊ नये, पण डॉक्टरांना मात्र दाखवावे.

आमचे तीन महिने या महिनाअखेरीस पूर्ण होतात. त्यानंतरच्या सोमवारी आम्ही भंडाऱ्याच्या रक्तपेढीत जाणार आहोत. एकोडीहून सकाळी आठला निघू. गाडीत तीन जागा आहेत. मिस्सानंतर सांगावे, आणि घरून न्याहारी करून यावे.