गाव सोडलेल्याचं बलुतं

वर्षातनं एकदा माझ्याकडं दोन माणसांच्या जिवंतपणाचं काम येतं. दहावीपर्यंत शिकलो आणि अक्षर बरं आहे, म्हणून गावातले अर्ज-फाटे माझ्याकडंच येतात. पण ही दोन कामं घरची.

पहिलं आमच्या थोरल्या बंधूंचं. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी अडतीस वर्षं मास्तरकी केली. 2008 साली रिटायर झाले आणि पुढं मुलाकडं अमेरिकेला गेले, न्यू जर्सीला. आता तिकडंच असतात. दुसरं काम आक्काचं. ती आमच्या नात्यातली नव्हे, पण आईबरोबर भांगलायला यायची, म्हणून आमची आक्का. जत तालुक्यातल्या आमच्या गावात तिचं पत्र्याचं खोपट आहे. एकुलती एक लेक विजापूरच्या बाजूला दिलेली. एस.टी.नं अडीच-तीन तास लागतात.

अण्णांना पेन्शन आहे. आक्काला श्रावणबाळ योजनेतनं महिन्याला 1500 रुपये मिळतात. दोघांनाही दरसाल हयात असल्याचं दाखवावं लागतं. अण्णा न्यूयॉर्कला आपल्या देशाच्या कचेरीत जाऊन हयातीचा दाखला घेतात, तो टपालानं माझ्याकडं येतो आणि मी तालुक्याला नेऊन देतो. आक्काला मी गाडीवर मागं बसवून नेतो.

खरं सांगायचं तर अण्णांचं पेन्शन माझ्या डोळ्यांत बरीच वर्षं सलत होतं. पारावर कुणीतरी म्हणायचं, "मास्तर तिकडं बसून हितल्या सरकारचा पैसा खातोय." मी वरनं गप्प बसायचो, आतनं म्हणायचो, खरं हाय. अण्णांच्या शिक्षणासाठी वडलांनी दावणीचा एक बैल विकला होता. मी राहिलो मातीत. महिन्याच्या एक तारखेची मला सवयच नाही. डाळिंबाला तेल्या आला की वर्ष गेलं. आणि हे इथं राहातही नाहीत, तरी यांना पैसा येतोच, असं मनात यायचं.

एकदा फोनवर बोलता बोलता माझ्या तोंडातनं ते निघून गेलं. अण्णा रागावले नाहीत. मास्तर माणूस, त्यांनी धडाच दिला. म्हणाले, "17 डिसेंबर 1982 ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिलाय, नकारांच्या केसमध्ये. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नव्हे. केलेल्या नोकरीचा तो मागं ठेवलेला मोबदला आहे. म्हणून तर आम्ही पेन्शनर लोक तो दिवस पाळतो."

कोर्टाचं मला काय कळणार! पण त्यावरनं एक जुनी गोष्ट आठवली. आमच्या लहानपणी गावात बलुतं होतं. सुतारानं वर्षभर औतं भरायची आणि सुगीला खळ्यावरनं ज्वारी न्यायची. एका साली आमचा सुतार सुगीच्या तोंडावर गाव सोडून मिरजेला गेला. खळं झालं. वडलांनी त्याच्या वाट्याची रास वेगळी काढून पोत्यात भरून ठेवली. चुलते म्हणाले, "त्यो गेला की गाव सोडून, आता त्याला कशाला?" वडील म्हणाले, "त्यो गेला. त्यानं भरलेला कुळव गेला का?"

ज्वारी मिरजेला पोचती झाली. मला तेव्हा वडील जरा जास्तच भोळे वाटले होते. अण्णांशी बोलल्यावर त्यांचं म्हणणं ध्यानात आलं. ज्यानं काम केलं त्याचं देणं लागतं. तो आता कुठं राहतो, कुठल्या देशाचं पाणी पितो, हे विचारायचा अधिकार देणेकऱ्याला नाही. अण्णांनी वस्त्यांवर चालत जाऊन पोरं शाळेत आणली, उन्हात शिरगणती केली, मतदारांच्या याद्या केल्या. त्यांनी शिकवलेली पोरं अजून गावात आहेतच की. जिवंत आहात का, एवढं सरकारनं विचारावं. ते विचारलं नाही तर मेलेल्यांच्या नावावर पैसा निघत राहील. पण त्याच्या पुढं विचारू नये. माझ्या मनातला काटा तिथं निघाला.

एक निघाला आणि दुसरा टोचायला लागला. तो आक्काचा.

आक्काचा गुडघा गेला. लेक म्हणाली, "आई, माझ्याकडं चल." आक्का माझ्याकडं विचारायला आली, "बापू, मी तिकडं गेले तर माझं पैसं येतील का रं?" मी अर्ज भरणारा माणूस, मला नियम ठाऊक. ही योजना महाराष्ट्रात राहणाऱ्या निराधार म्हाताऱ्यांसाठी. पंधरा वर्षं इथं राहात असल्याचं दाखवलं तेव्हा नाव लागलं. कर्नाटकात कायमची गेली तर नाव जाणार. आणि तिकडचं सरकार म्हणणार, तू आमची नव्हंस. म्हणजे अण्णा सात समुद्र ओलांडून गेले तरी त्यांचं चालू, आणि हिनं एस.टी.नं हद्द ओलांडली की बंद.

कुणी म्हणेल, दोन्हीत फरक आहे. अण्णांचा मोबदला, आक्काची मदत. मदत द्यायची तर गरजू माणूस डोळ्यांसमोर असायला नको का? कागदावर हे बरोबर आहे. पण 72 च्या दुष्काळात मी तेरा वर्षांचा होतो. सरकारी कामावर आई आणि आक्का शेजारी बसून खडी फोडायच्या. मी सुकडी मिळेल म्हणून त्यांच्या मागं जायचो. पाझर तलावाच्या मातीच्या पाट्या त्यांनी डोक्यावर वाहिल्या. तेही सरकारचंच काम होतं. आठवड्याचा पगार हातावर पडला आणि हिशेब मिटला. पुढं चाळीस वर्षं ती दुसऱ्यांच्या रानात राबली. माझ्याही. तिच्या मजुरीतलं मागं काही कुणी ठेवलं नाही, मीसुद्धा नाही. मग म्हातारपणी तिला मिळतं त्याला आपण मदत म्हणायचं आणि वर विचारायचं, कुठं राहतेस?

बँकेत मशीनवर तिचा अंगठा उमटत नाही. रेघा झिजून गेल्यात. साहेब म्हणतात, "आजी, नीट दाबा." ती दाबती.

शेवटी ती लेकीकडं गेली. खोपटाला कुलूप लावून किल्ली माझ्याकडं दिली. गेल्या साली एकजण चौकशीला आला. विचारलं, "म्हातारी इथंच राहते ना?" मी म्हणालो, "हितंच. गुड्डापूरला देवीला गेलीय." त्यानं लिहून घेतलं, चहा पिऊन गेला. माझ्या बायकोनं माझ्याकडं पाहिलं आणि ती आत गेली.

रात्री झोप लागेना. अण्णांना फोन लावला. तिकडं दिवस होता. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तू खोटं बोललास." म्हणालो, "होय." बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्यासाठी तुला असं बोलावं लागलं नाही."

मी माझ्या खोट्याला चांगलं म्हणत नाही. देवीचं नाव घेऊन बोललो, ते तर नडतंच. आज एका म्हातारीसाठी मी बोललो, उद्या दुसरा कुणी मेलेल्या बापासाठी बोलेल, आणि त्याला मी कुठल्या तोंडानं अडवू? पण खरं बोललो असतो तर त्या खऱ्याचं मोल मी नव्हे, आक्कानं दिलं असतं. दुसऱ्याच्या ताटातलं काढून आपला खरेपणा जपायचा, हेही मला सरळ वाटत नाही.

अण्णा म्हणाले, "तिला सांग, लेकीकडं राहा म्हणावं. 1500 रुपये मी पाठवत जाईन." मी विजापूरच्या गाडीनं जाऊन आक्काला दोन्ही गोष्टी सांगितल्या, माझं खोटंही आणि अण्णांचा निरोपही. ती म्हणाली, "मास्तरचं हाय ते मास्तरचं. माझं हाय ते मला मिळू दे." जरा थांबून म्हणाली, "आन् माझ्यापायी तू देवीचं नाव घिऊ नगंस."

महिन्याभरात ती परत आली. आता खोपटातच असते. सकाळची भाकरी आमच्या घरनं जाते. लेक दोन-तीन महिन्यांनी येऊन भेटून जाते. पुन्हा कुणी चौकशीला आला तर मी खरंच सांगणार आहे, कारण आता ते खरं आहे. पण त्याचं मला समाधान नाही. गुडघ्यानं अधू झालेली म्हातारी लेकीला सोडून एकटी पडली, तेव्हा माझं बोलणं खरं झालं.

लेक येते ती एस.टी. आमच्या फाट्यावर थांबते. तिथनं गावापर्यंत जो रस्ता येतो, त्याची खडी 72 साली आई आणि आक्कानं फोडली. वरनं डांबर दोनदा पडलं. खालची खडी तीच आहे.