कोणाच्या वतीने बोललास?

बस. मोबाइल उलटा ठेव आणि जरा वेळ नुसतं ऐक.

काल विभागाच्या बैठकीत तू दहा मिनिटं बोललास. त्या दहा मिनिटांत "सगळ्या वर्गाचं म्हणणं आहे" हे इतक्या वेळा म्हणालास, की एचओडी सरांनी प्रोसिडिंगमध्ये लिहून टाकलं : 'विद्यार्थ्यांच्या एकमुखी मागणीनुसार पुढील सत्रात तासिका सकाळी अकराऐवजी आठपासून.' एकमुखी! ते मुख कोणाचं होतं, हे टेबलाभोवती बसलेल्या आम्हा सगळ्यांना दिसत होतं. पण तुझ्याखेरीज विद्यार्थ्यांतलं दुसरं कोणी तिथे नव्हतं. म्हणून तू सांगितलंस ते आम्ही खरं धरलं. वर्गप्रतिनिधीचं, सीआरचं पद असतं ते एवढ्यासाठीच. जे तिथे नसतात, त्यांचं खरं खरं सांगायला एक माणूस असावा म्हणून.

आठची वेळ कोणाला हवी आहे, ते मी सांगते. तुला हवी आहे. साडेअकरापर्यंत तास उरकले की सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत जाऊन जागा धरता येते. तुझ्या बाकावरच्या तिघाचौघांनाही तेच सोयीचं आहे. यात गैर काहीच नाही. एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलांनी दुपार मोकळी मागितली, तर मीच त्यांची बाजू घेतली असती. पण "आम्हा पाच जणांना अशी अडचण आहे" असं सांगायला तुझी जीभ का अडखळली? पाच जणांची मागणी साठ जणांच्या नावावर खपवायची गरज का पडली? कारण पाच म्हटलं की समोरचा विचारतो, बाकीच्यांचं काय. आणि बाकीच्यांचं काय, हे तुला ठाऊक नव्हतं. तू विचारलंच नव्हतंस.

आज मी विचारलं. फळ्याकडे वळता वळता सहज म्हटलं, पुढच्या सत्रात आठला कोण कसं पोहोचणार? आधी कोणी बोललं नाही. मग तिसऱ्या रांगेतली ती मुलगी उभी राहिली. वर्षभरात आपणहून ती वर्गात बोलल्याचं मला आठवत नाही. तिच्या गावात पहिली एसटी पावणेसातला येते. सासवडला गाडी बदलायची, स्वारगेटला उतरायचं, तिथून पीएमपी. पहिले दोन तास तिने रोज बुडवायचे, आणि मग हजेरीपटावर ७५ टक्के भरत नाहीत म्हणून आम्ही तिचा परीक्षेचा फॉर्म अडवायचा. 'कमवा व शिका' योजनेतली चार मुलं सकाळी बागेत नाहीतर ग्रंथालयात कामाला असतात. त्या पैशांतून त्यांच्या मेसचं बिल निघतं. शेवटच्या बाकावर जो डुलक्या घेतो आणि ज्याला तुम्ही सगळे 'कुंभकर्ण' म्हणता, तो चाकणला रात्रपाळीचा सिक्युरिटी गार्ड आहे. सकाळी सातला त्याची सुट्टी होते. हे तुला माहीत होतं? त्याच्याच बरोबर वर्षभर कॅन्टीनला चहा पितोस ना?

"मॅडम, मी ग्रुपवर पोल टाकला होता." हो, टाकला होतास. तो मला दाखवलाय. रात्री साडेअकराला टाकलास आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बैठकीला हजर झालास. साठांपैकी एकोणीस जणांनी उत्तर दिलं. उरलेले एक्केचाळीस तुझ्या हिशेबात कुठे गेले? गप्प बसले म्हणजे कबूल, हा न्याय तुला कोणी शिकवला? आणि प्रश्न काय लिहिला होतास, तर "दुपार फ्री हवी ना?" आता दुपार फ्री कोणाला नको असते! त्यासाठी सकाळी आठला यावं लागेल, हे तू खाली बारीक अक्षरांतसुद्धा लिहिलं नाहीस. संशोधन पद्धतीच्या पेपरात सूचक प्रश्नांवरची टीप तू चांगली लिहिली होतीस. तो पेपर मीच तपासलाय. शिवाय त्या पोलमध्ये कोणी कुठे बोट ठेवलं, ते सगळ्या ग्रुपला दिसतं. तुझ्या टोळक्याच्या विरुद्ध मत देऊन वर्षभर टोमणे खायची हौस कोणाला असणार? वर्गाचं मत घ्यायचं होतं, तर कोऱ्या कागदाच्या साठ चिठ्ठ्या पुरल्या असत्या. तुझी निवडही चिठ्ठ्यांनीच झाली होती.

मघाशी कॉरिडॉरमध्ये तू मला एडमंड बर्क ऐकवलास. प्रतिनिधी म्हणजे निरोप्या नव्हे, त्याने स्वतःचा विवेक वापरायचा असतो, वगैरे. राज्यशास्त्राच्या एम.ए.ला बसलेल्या मुलाने गाइडमधला अर्धा परिच्छेद पाठ करून माझ्या अंगावर टाकावा, याचं मला कालच्या बैठकीपेक्षाही वाईट वाटलं. मूळ भाषण वाच. ३ नोव्हेंबर १७७४, ब्रिस्टल. बर्कबरोबर ब्रिटिश संसदेवर निवडून आलेला क्रूगर म्हणाला होता की मतदारांनी द्यावा तो आदेश आपण पाळू. त्यावर बर्क आपलं म्हणणं मांडतो. विवेकाचा मुद्दा तिथे आहेच, पण तो नंतर येतो. त्याआधी तो काय सांगतो? प्रतिनिधीने मतदारांशी अगदी जवळचा, आडपडदा नसलेला संबंध ठेवावा, त्यांच्या इच्छेला मोठं वजन द्यावं, त्यांच्या कामात कसूर करू नये आणि आपल्या सुखापेक्षा, आपल्या फायद्यापेक्षा त्यांचं हित पुढे ठेवावं. हे सगळं झाल्यावर विवेक. तू पहिली पायरी चढलाच नाहीस आणि थेट गच्चीवर उभा राहून विवेकाच्या गोष्टी करतोस.

आणखी एक. बर्कने आपलं वेगळं मत लपवलं नाही. मतदारांच्या तोंडावर सांगितलं. पुढे आयर्लंडच्या व्यापाराला सवलती द्याव्यात, ही त्याची भूमिका ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांना झोंबली. कॅथलिकांना सवलती देण्याच्या बाजूने तो उभा राहिला, तेही अनेकांना रुचलं नाही. १७८०मध्ये निवडून येण्याची आशा उरली नाही, तेव्हा त्याने ब्रिस्टलमधून माघार घेतली. आपल्या विवेकाची किंमत त्याने स्वतःच्या खुर्चीने चुकवली. तुझ्या विवेकाची किंमत कोण चुकवणार आहे? पावणेसातच्या एसटीत बसणारी ती मुलगी. तुझं मत वेगळं असू शकतं. सीआर झालास म्हणून तोंड शिवून घे, असं मी म्हणत नाही. पण मग सरळ बोलावं : "वर्गातल्या बहुतेकांना अकरा हवे आहेत, मला स्वतःला आठ बरे वाटतात, कारण असं असं." समोरचे दोन्ही ऐकतील आणि ठरवतील. तू वर्गाचं मत पुसून टाकलंस आणि त्या जागी तुझं लिहिलंस. याला विवेक नाही, लबाडी म्हणतात.

आणि हे कळायला ब्रिस्टलपर्यंत जायचीही गरज नव्हती. १९१९च्या जानेवारीत मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातला सत्तावीस वर्षांचा एक प्राध्यापक मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष द्यायला उभा राहिला. डॉ. आंबेडकरांचं ते निवेदन या विभागातल्या प्रत्येकाने वाचलेलं असलं पाहिजे, आणि माझा अंदाज आहे की बहुतेकांनी त्याचं फक्त नाव ऐकलंय. त्यात ते म्हणतात की सभागृहात नुसत्या मतांचं प्रतिनिधित्व होऊन भागत नाही, माणसांचंही व्हावं लागतं. ज्याने एखादी अवस्था भोगलेलीच नाही, त्याला ती दुसऱ्याच्या वतीने नीट मांडता येत नाही. वर्गाच्या वेळापत्रकाची तुलना मी अस्पृश्यतेच्या प्रश्नाशी करत नाही, तेवढी अक्कल मला आहे. पण सूत्र तुलाही लागू पडतं. तू शहरात राहतोस, गाडीवर येतोस, वडील दरमहा पैसे पाठवतात. एसटी चुकली की दिवसाचं काय होतं, हे तुला आपोआप कळणार नाही. म्हणून तुला विचारावं लागेल. आणि बैठकीत सीआरबरोबर आणखी कोणाला आणायला आपल्याकडे कधीच मनाई नव्हती. त्या मुलीला घेऊन आला असतास, तर दोन मिनिटांत विषय संपला असता.

आता दुसरी गोष्ट. ही मला जास्त लागली.

एका सरांच्या विषयाचे मागच्या सत्राचे इंटर्नलचे गुण अजून लागलेले नाहीत. एका विद्यार्थिनीने तुला एकटं गाठून हे सांगितलं, तेही बिचकत, कारण तिचा व्हायवा त्याच सरांकडे आहे. आणि तू काय केलंस? भर बैठकीत, त्याच सरांसमोर, तिचं नाव घेऊन म्हणालास, "ती विचारत होती." सर हसले. ते हसणं मी पाहिलंय. आता ती मुलगी व्हायवाला कोणत्या मनाने जाणार आहे, याचा विचार तुझ्या डोक्याला शिवला का? तिने तुझ्यावर विश्वास ठेवला, आणि तू तिचं नाव सुट्या पैशांसारखं टेबलावर ठेवून मोकळा झालास. वर लगेच पुस्ती जोडलीस, "तसं बाकी सगळं छान चाललंय सर." का, ते मला कळतं. तुझ्या प्रबंधाचे मार्गदर्शक तेच आहेत. तुला भीती वाटली, हे मी समजू शकते. पण स्वतःच्या भीतीवर पांघरूण म्हणून तिला पुढे केलंस, याला माफी नाही.

असे विषय कसे मांडतात, हे शिकून घेणं तुझं काम होतं. यूजीसीचे २०२३चे विद्यार्थी तक्रार निवारणाचे विनियम तू उघडूनही पाहिले नसशील. निकालाला ठरल्यापेक्षा उशीर होणं आणि मूल्यमापनात पारदर्शकता नसणं, या दोन्ही गोष्टी त्यात तक्रार म्हणून लिहिलेल्या आहेत. संस्थेत तक्रार निवारण समिती असावी, तिने शक्यतो १५ कामकाजी दिवसांत अहवाल द्यावा आणि तिथेही समाधान झालं नाही तर लोकपालाकडे जाता यावं, अशी तरतूद आहे. पण आधी साधा अर्ज तरी करशील? 'वर्गाच्या वतीने' असं लिहायचं, खाली सीआर म्हणून तुझी सही, आवक क्रमांक घालून एक प्रत आपल्याकडे. कोणाचं नाव नाही, गाव नाही. जोखीम घ्यायचीच असेल, तर ती सही करणाऱ्याने घ्यावी. तोच तर निवडून आलाय.

निवडून आल्याचा तुला केवढा अभिमान! फ्लेक्स लागला होता गेटवर, गॉगल घालून, खाली तीस शुभेच्छुकांचे फोटो. साठ जणांच्या वर्गात तीस शुभेच्छुक असूनही पोलला एकोणीसच मतं पडावीत, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. विद्यार्थी निवडणुकांवरच्या लिंगडोह समितीचं नाव परीक्षेपुरतं तरी ऐकलं असशील. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या शिफारशी लागू केल्या : उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांच्या आत, छापील पोस्टर नाही, हाताने केलेलंच चालेल. आणि ही निवडणूक तुमच्या हाती सहजासहजी आलेली नाही. १९८९मध्ये मुंबईत कॉलेजच्या निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थ्याचा खून झाला. १९९४च्या विद्यापीठ कायद्याने राज्यात खुल्या निवडणुका गेल्या आणि गुणवत्ता यादीतून नेमणुका होऊ लागल्या. ज्याला मार्क जास्त, तो प्रतिनिधी. त्याला कोणी काही सांगितलं नाही आणि त्याने कोणाचं काही ऐकलं नाही, तरी चालायचं. २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात निवडणूक परत आली, पण कागदावर. २०१९ला वेळापत्रक जाहीर झालं, तेही विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर पुढे ढकललं, मग कोरोना आला. अशा राज्यात, एका विभागात का होईना, चिठ्ठ्या टाकून तुला निवडलंय. टॉपर नेमला असता तरी त्याने याहून वाईट काय केलं असतं, असं आज कोणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही.

पाहुण्यांसाठी शाल-श्रीफळ आणणं, नोट्सच्या झेरॉक्स काढणं, माइक लावणं ही कामं तू चोख करतोस. ती कोणीही करेल. पण बैठक झाल्यावर काल ग्रुपवर तू काय लिहिलंस? "बोललोय, होईल." आणि अंगठा. काय बोललास, कोणी काय उत्तर दिलं, काय नाकारलं, कोणतं काम कोणाकडे आणि कधीपर्यंत, काही नाही. आठ वाजताचा निर्णय झालाय, हे त्या साठ जणांना आज माझ्याकडून कळलं. त्यांच्या नावाने मागितलेली गोष्ट!

रडू नकोस. रडण्यासारखं काही झालेलं नाही, दुरुस्त करण्यासारखं झालंय. आधी जिचं नाव बैठकीत घेतलंस त्या मुलीकडे जा आणि तिची माफी माग, ग्रुपवर नव्हे, समोर उभं राहून. तिच्या व्हायवाला दुसरे परीक्षक असावेत, हे मी एचओडी सरांशी बोलले आहे. मग उद्या पहिल्या तासाला मी तुला पंधरा मिनिटं देते. अकरा की आठ, दोन्हींचे फायदे-तोटे फळ्यावर लिही, चिठ्ठ्या वाट, मोजायला तुझ्या टोळक्याबाहेरचे दोघे घे. जे गैरहजर असतील त्यांना फोन कर. अल्पमतात कोण आहे आणि का, तेही लिहून घे, कारण बैठकीत त्यांचंही तुलाच सांगायचंय. त्यात तू स्वतः निघालास तर स्वतःचंही सांग.

बुधवारी बारा वाजता बैठक पुन्हा बोलावली आहे. वेळापत्रकाचा विषय मी परत लावून घेतलाय. कागद घेऊन ये, आणि त्या सासवडमार्गे येणाऱ्या मुलीला येता येत असेल तर तिलाही. यातलं काही जमणार नसेल, तर मंगळवारपर्यंत पदाचा राजीनामा माझ्या टेबलावर ठेव. चिठ्ठ्या मी पुन्हा टाकायला लावीन.