झाडाकडे बघण्याचे पैसे

झाडवाल्याला लोक बोलावतात तेव्हा झाडाचा निकाल बहुधा लागलेला असतो. पानं शेजाऱ्याच्या अंगणात पडतात, मुळं संडासाच्या टाकीपर्यंत गेली आहेत, गच्चीवरच्या सोलरवर सावली येते, कुणीतरी वास्तूचा दोष सांगितला आहे. फोनवर पत्ता सांगून झाला की लगेच विचारतात, 'तोडून टाकायचं आहे, किती घ्याल?' झाड कुठलं, हे मला विचारून घ्यावं लागतं, आणि पुष्कळदा घरात ते कुणालाच नक्की ठाऊक नसतं. यवतमाळ शहरात काय, दारव्ह्याला काय आणि घाटंजीकडे काय, अनुभव सारखाच.

माझे वडील वनखात्याच्या कूपात कटाईला जात. आमचा जिल्हा सागाचा. कूपात कुठलं झाड पडायचं ते आधीच ठरलेलं असे, बुंध्यावर हातोड्याचा शिक्का असे, आणि शिक्का नसलेल्या झाडाला हात लावायचा नाही हा नियम. कुऱ्हाडवाल्यानं विचार करायचा तो झाड कुठल्या अंगाला पडेल एवढाच. माझं काम त्याहून निराळं आहे. घरांच्या दाटीत, विजेच्या तारांखाली, टिनांवर आणि कवेलूंवर वाकलेल्या झाडाचं काय काढायचं आणि काय ठेवायचं हे मला ठरवावं लागतं. ठेवायचा भाग नेहमीच जास्त असतो. पैसे द्यायची वेळ आली की गिऱ्हाइकाला दिसतो तो खाली पडलेला ढीग.

ढीग लहान असला तर घासाघीस ठरलेली. 'भाऊ, दहा मिंटाचं तं काम हाय.' ढीग मोठा असला तर दुसरं वाक्य तयार असतं. 'लाकूड तं तुमीच नेता, मंग पैसे कायचे?' निंबाच्या किंवा गुलमोहराच्या ओल्या फांद्यांना जळणाचा भावसुद्धा धड मिळत नाही, त्या उचलून न्यायला गाडीभाडं वर पडतं, हे मी सांगतो. साग, आंबा, चिंच, मोह, बिजा अशी झाडं तर १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीतच आहेत. ती आपल्या मालकीची असली तरी परवानगीशिवाय पाडता येत नाहीत, आणि सागासारख्या लाकडाला वाहतुकीचा पास लागतो. शहरी भागासाठी १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा वेगळा. त्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून आणखी संरक्षण मिळालं. एवढं बोललो की समोरच्याच्या चेहऱ्यावर संशय उमटतो. हा माणूस काम टाळतोय, की भाव वाढवतोय? 'रविवारी येऊन करून टाका, कोण पाहायला येते?' असं म्हणणारे शिकलेसवरलेले लोक मी पुष्कळ पाहिले. मी नाही म्हणतो. ते दुसऱ्याला बोलावतात.

आर्णी रस्त्याकडच्या एका घरचं काम सांगतो. स्वयंपाकघराच्या टिनांवर निंबाची एक जाड खांदी आडवी आली होती. मी गेलो तेव्हा आतल्या खोलीत मोठ्या टीव्हीवर सिनेमा चालू होता, मारामारीचे आवाज खिडकीतून अंगणात येत होते. घरच्या मुलानं दारातूनच खांदी दाखवली आणि तो आत गेला. बाहेर खुर्चीवर त्याची आजी बसलेली होती.

मी आधी झाडाभोवती फिरलो. बुंध्याशी भूछत्रं उगवलीत का, वाऱ्याच्या बाजूला जमिनीत भेग आहे का, दोन खांद्या फुटतात तिथे साल आत दबली आहे का, वर कुठे आग्या मोहोळ आहे का. मोहोळ नजरेतून सुटलं तर दोरावर लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते. मग कुऱ्हाडीच्या मागच्या अंगानं बुंध्यावर ठोकत वर गेलो. भरीव लाकडाचा आवाज ठक्क येतो, पोकळीवर तो बसका होतो. खांदीच्या मुळाशी आवाज भरीव होता. म्हणजे ती पूर्ण काढायचं कारण नव्हतं. टिनाकडे झुकलेलं टोक काढलं आणि वजन कमी केलं की ती आणखी कितीतरी पावसाळे सावली देणार होती.

टोकाला दोर बांधला, दोराचा फेरा वरच्या बेचक्यातून घेतला आणि दुसरं टोक खाली सोबत्याच्या हाती दिलं. पहिला काप खालून, एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा वरून, त्याच्या थोडा पुढे. खालचा काप न घेता नुसतं वरून कापत गेलं, तर तुकडा पडताना खालची साल सोलत जाते आणि जखम पार आतपर्यंत पोचते. दुसऱ्या कापानंतर टोक कडकन मोडलं, दोरावर तोललं गेलं आणि टिनाला न लागता हळूहळू अंगणात उतरलं. तिसऱ्या कापात उरलेलं खुंट काढलं, ते जिथून बाजूची जोमदार फांदी फुटते तिथपर्यंत.

मुलगा बाहेर आला. 'झालं? एवढंच?' मी सांगितलेला आकडा ऐकून त्यानं दहा मिनिटांचा हिशेब मांडला. तेवढ्यात आजी म्हणाली, 'पोरा, त्यानं तासभर झाडाकडंच पाह्यलं. म्या पाह्यलं नं. त्याचे पैसे दे.'

पाहणं हा खरंच कामाचा मोठा भाग आहे, आणि ते माझ्या शब्दावर मानायचं कारण नाही. अमेरिकेच्या वनखात्यात ॲलेक्स शिगो नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी हजारो झाडं करवतीनं उभी चिरून आत जखमांचं काय होतं ते पाहिलं. माणसाची जखम भरते, तिथे नवी कातडी येते. झाडाचं तसं नसतं. खराब झालेलं लाकूड झाड पुन्हा चांगलं करत नाही, ते त्याच्याभोवती भिंत घालतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवतं. ही भिंत घालण्याची ताकद खांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्यात असते. ते कडं राखून कापलं तर झाड तगतं. आमच्या गिऱ्हाइकांना मात्र काप बुंध्याला लागून सपाट हवा असतो, 'एकदम साफ' दिसायला. वर डांबर नाहीतर ऑइल पेंट फासायला सांगतात. त्याहून वाईट म्हणजे शेंडाच उडवून झाडाचं मुंडण करायची मागणी. मुंडण केलेलं झाड घाबरल्यासारखं भराभर धुमारे काढतं, ते धुमारे कच्च्या जोडाचे असतात आणि दोन-चार वर्षांनी वादळात नेमके तेच छपरावर येतात. हे सगळं मी दरवेळी सांगतो. ऐकून घेतलं जाईल याची खात्री नसते, पण न सांगता कापणं मला जमत नाही.

माझ्याकडे लोक कसं बघतात यात गेल्या काही वर्षांत एक मोठा बदल झाला, तो 'पुष्पा'मुळे. चित्रपट डिसेंबर २०२१ मध्ये आला आणि महिनाभरात हिंदीतून घरोघरच्या टीव्हीवर आणि मोबाइलवर पोचला. अल्लू अर्जुनला हिंदीत आवाज दिला आपल्या श्रेयस तळपदेनं. शेषाचलमच्या डोंगरातल्या रक्तचंदनाची तस्करी करणारा मजूर हा त्याचा नायक. त्यानंतर खांद्यावर दोर आणि हातात करवत घेऊन मी वसाहतीत शिरलो की पोरं हनुवटीखालून हात फिरवायला लागली. मोठी माणसंही 'या पुष्पाभाऊ' म्हणू लागली. त्यात राग नव्हता, कौतुकच होतं, आणि मला ते कौतुक नको होतं. त्या सिनेमात झाड म्हणजे लपवून न्यायचा माल आहे. झाड तोडणारा एक तर चोर किंवा वीर. एखादं झाड वाचवण्यासाठीच त्यावर चढलेला माणूस त्यात कुठे बसत नाही.

सिनेमाचा असर करमणुकीवर थांबला असता तर मी हे लिहिलंही नसतं. पुसद तालुक्यातल्या खर्शी गावचं प्रकरण २०२५ साली वर्तमानपत्रांत गाजलं. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गासाठी एका शेतकरी कुटुंबाची जमीन गेली, तिच्यात एक जुनं मोठं झाड होतं. ते रक्तचंदन आहे असं बाहेरून आलेल्या लोकांनी सांगितलं, किमतीचे आकडे कोटींत गेले, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं आणि रेल्वेनं एक कोटी रुपये जमा केले. पुढे लाकडाची शास्त्रीय तपासणी झाली आणि झाड बिजासाल निघालं. मला त्या कुटुंबाबद्दल वाईट वाटतं. फसायला कारणही होतं. रक्तचंदन आणि बिजा ही एकाच कुळातली भावंडं. बिजाच्या सालीवर कुऱ्हाडीचा घाव बसला की लाल रस थेंबाथेंबानं बाहेर येतो, उन्हात घट्ट होतो आणि काळसर लाल खडे होऊन सालीला चिकटून राहतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते रक्तच वाटावं. वडील म्हणतात, कूपावरच्या जुन्या माणसांना बिजा अंधारातही हातानं ओळखता यायचा. त्यांच्यापैकी कुणाला कुणी काही विचारल्याचं ऐकिवात नाही.

त्या बातमीनंतर मला फोन यायला लागले. धुऱ्यावरच्या झाडातून लाल डिंक येतो, बघून जा. मी जातो, बघतो. बहुतेक बिजाच असतो. मी सांगतो की हे झाड सुद्धा मोठ्या मोलाचं आहे, त्याच्या लाकडाच्या पेल्यात ठेवलेलं पाणी मधुमेहावर घ्यायची जुनी रीत आहे, ते जंगलातून कमी होत चाललंय, राहू द्या. तेवढ्या वेळात ऐकणाऱ्याचा चेहरा उतरलेला असतो.

आमच्या घरी रात्री सिनेमा लागतो. वडिलांना आता बाहेर फारसं जाता येत नाही, म्हणून टीव्हीला मोबाइल जोडून मी त्यांना शोधून शोधून चित्रपट दाखवतो. झाड पडण्याचं दृश्य आलं की ते हमखास बोलतात. चार घाव घातले आणि सागवान आडवं झालं, असं कुठे होतं का? ज्या अंगाला पाडायचं तिकडे आधी खाच, मग मागून काप, मधे थोडं लाकूड बिजागरीसारखं राखायचं, म्हणजे झाड सावकाश वळतं. जब्बार पटेलांचा १९७७ चा 'जैत रे जैत' पाहताना मात्र ते गप्प होते. मोहन आगाशेंचा नाग्या मोहोळासाठी लिंगोबाच्या डोंगरावर चढतो तेव्हा त्यांनी मला दोनदा थांबवून मागे न्यायला लावलं. पाय कुठे टेकवतो ते पाहायचं होतं. घरी सिनेमा बघण्याची ही सोय मला फार मोलाची वाटते. थिएटरात असं थांबवता येत नाही.

कुरोसावाचा 'देर्सू उझाला' मी त्यांना खालच्या ओळी वाचून दाखवत दाखवला. सैबेरियाच्या जंगलात त्या म्हाताऱ्या शिकाऱ्यावाचून सरकारी कप्तानाचं पान हलत नाही. तोच शिकारी शहरात कप्तानाच्या घरी राहायला येतो, तर त्याला साधं लाकूड तोडायलाही मनाई. जंगलात ज्याच्या नजरेवर जीव सोपवला, त्याच्या त्याच नजरेचा शहरात काही उपयोग उरत नाही. सिनेमा संपल्यावर वडील बराच वेळ बोलले, कूपावरच्या मुकादमाबद्दल, परधानांच्या नि कोलामांच्या पोरांबद्दल, ज्यांना झाडाचं वय साल बघून सांगता यायचं आणि हजेरीपटावर ज्यांच्या नावापुढे 'मजूर' एवढंच लिहिलेलं असे.

घरात बसून पडद्यावर माणसं इतकं बारीक पाहायला शिकली आहेत, की नटाचा एक हात चुकला तरी त्यांना कळतं. खिडकीबाहेर वीस फुटांवर कुणी जीव टांगून काम करतंय तिकडे मात्र पडदा ओढलेला असतो, ऊन आत येतं म्हणून. मला तक्रार करायची नाही. मेमधलं यवतमाळचं ऊन मलाही माहीत आहे. पण जे पाहिलंच नाही त्याचा मोबदला कसा ठरवणार?

माझ्या भाच्यानं यंदा मृगाआधी एका मोठ्या चिंचेच्या छाटणीचं चित्रीकरण केलं. शेजारच्या गच्चीवरून, मोबाइलवर. त्यानं ते कापून चार मिनिटांचं केलं होतं. नुसती करवत, नुसत्या पडणाऱ्या फांद्या, वर 'पुष्पा'चं संगीत. मी त्याला सुरुवातीचा, मी नुसता खाली उभा आहे तो सगळा भाग परत घालायला लावला आणि संगीत काढायला लावलं. तो म्हणाला, मामा, हे कुणी पाहणार नाही. रात्री ते आम्ही घरी टीव्हीवर लावलं. वडिलांनी पूर्ण पाहिलं, आणि एका ठिकाणी हात वर केला. 'थांबव. ती तिसरी खांदी, वरच्या अंगाला काळं काय दिसून रायलं?' जमिनीवरून ते दिसण्याजोगं नव्हतं, गच्चीवरूनच दिसत होतं. पाणी झिरपल्याचा डाग होता, म्हणजे आत ढोली असण्याची शक्यता.

सकाळी त्या गच्चीच्या मालकांना फोन केला. पैशाचा प्रश्न नाही, फक्त तुमच्या गच्चीवरून एकदा पाहायचंय, म्हणालो. ते म्हणाले, या. मी पोचलो तेव्हा ते जिन्याशी उभे होते, हातात चष्मा.

'मीही येतो वर. कुठे आहे ते मला दाखवा.'