पैठणी कशावर विणली, ते बिलावर लिहा

लग्नसराईत पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर साडीच्या दुकानात गादीवर बसलं, की बघता बघता समोर पैठण्यांचा ढीग लागतो. त्यात दोन-अडीच हजारांची असते, तशी पंचवीस हजारांचीही असते. मोर दोन्हींच्या पदरावर, मुनिया दोन्हींच्या काठावर. फरक विचारला, तर ठरलेलं उत्तर मिळतं : ‘ताई, ही सेमी, ही प्युअर.’ बहुतेकींचं एवढ्यावर समाधान होतं. पण या उत्तरातून फक्त रेशमाची जात कळते. साडी हातमागावर विणली की यंत्रमागावर, हे कळत नाही. शुद्ध रेशमाची पैठणी यंत्रमागावरही विणली जाते आणि सर्रास विकली जाते. विणकराच्या पोटाशी ज्याचा थेट संबंध आहे, तो मागाचा प्रश्न गिऱ्हाईक विचारत नाही आणि दुकानदार आपणहून सांगत नाही. हातमागाचं मोठं नुकसान या मौनामुळे होत आहे, असं माझं मत आहे.

पैठणी जिथे हाताने विणली जाते त्या येवल्यात माग घरातच असतो. खड्ड्यात पाय सोडून विणकर मागावर बसतो. पदरावर प्रत्येक रंगासाठी वेगळी तिल्ली, म्हणजे धाग्याची छोटी कांडी, लागते. मोराच्या मानेचा निळा जिथे संपतो, तिथे तो धागा शेजारच्या जरीत अडकवून मागे वळवायचा, मग पुढची तिल्ली हातात घ्यायची. पदराची सबंध रुंदी अशी पार पडली की फणी ठोकायची आणि पुन्हा कडेपासून सुरुवात करायची. म्हणून हातमागाच्या अस्सल पैठणीचा पदर उलटा केला तरी मोर तितकाच स्वच्छ दिसतो. यंत्रावरच्या पदराच्या पाठीला सुटे धागे किंवा त्यांची कापलेली टोकं दिसतात. साध्या काठपदराच्या साडीला महिनाभर लागतो, भरगच्च पदराला सहा महिने, कधी वर्षही जातं.

आता या दोन्ही साड्या एकाच गादीवर, एकाच नावाने शेजारी ठेवल्या की काय होतं? हातमागाची साडी अकारण महाग वाटू लागते आणि घासाघीस सुरू होते. रेशीम बेंगळुरूकडून येतं, जर सुरतेहून. दोन्ही वजनावर, बाजारभावाने. दुकानाचं भाडं ठरलेलं असतं. या साखळीत दाबता येईल अशी एकच रक्कम उरते, ती विणकराची मजुरी. बरेच विणकर व्यापाऱ्याने दिलेल्या रेशमावर आणि जरीवर नगाप्रमाणे काम करतात. त्यामुळे भाव पाडला की त्याची झळ शेवटी मागापर्यंत पोचते. २०१९-२०च्या हातमाग गणनेत देशभरात सुमारे ३५ लाख हातमाग कामगार मोजले गेले. विणकरांच्या जवळपास दोन-तृतीयांश कुटुंबांचं मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांच्या आत होतं.

यंत्रमागाची साडी वाईट, असं मला मुळीच म्हणायचं नाही. पैठणी ही एकेकाळी सरदार-सावकारांच्या घरची मिरास होती. टीव्हीवरच्या ‘होम मिनिस्टर’सारख्या कार्यक्रमाने ती घराघरातल्या बायकांच्या मनात नेऊन बसवली. दोन हजारांत मोराचा पदर खांद्यावर घेणाऱ्या बाईची हौस अस्सलच आहे. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या यंत्रमागांवरही माणसंच राबतात. आक्षेप आहे तो यंत्राचा माल हाताच्या नावावर विकण्याला. तिथे गिऱ्हाईक फसतं आणि विणकराच्या कौशल्याची किंमत दुसऱ्याच्या गल्ल्यात जाते.

कायदे नाहीत असंही नाही. १९८५च्या कायद्याने काही प्रकारचं कापड केवळ हातमागासाठी राखून ठेवलं; सुरुवातीला त्या यादीत २२ प्रकार होते, आज ११ आहेत. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. रेशमाची खात्री देणारा ‘सिल्क मार्क’ २००४ पासून आहे, हातमागाची खात्री देणारा ‘हॅण्डलूम मार्क’ २००६ पासून. पण गादीवर बसून ‘हॅण्डलूम मार्क दाखवा’ असं म्हणणारं गिऱ्हाईक किती वेळा दिसतं? त्याच लक्ष्मी रस्त्यावर चार पावलांवरच्या सराफाकडे आपण हॉलमार्क पाहिल्याशिवाय अंगठीसुद्धा घेत नाही. सोन्यासाठी हॉलमार्कची सक्ती २०२१ पासून टप्प्याटप्प्याने झाली, आणि सामान्य माणसाला त्याची सवयही लागली. पंचवीस हजारांच्या साडीबाबत ही चौकसपणाची सवय का लागू नये?

२०२५च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये ‘प्राडा’ने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि मूळ कारागिरांचं नाव घेतलं नाही, तेव्हा महाराष्ट्र पेटून उठला. तो संताप रास्त होता आणि त्याचा परिणामही झाला. कंपनीला प्रेरणा कुठली ते मान्य करावं लागलं. मात्र कारागिराचं श्रेय लपवणं परदेशी कंपनीने केलं तर अपराध आणि आपल्या बाजारपेठेत रोज घडलं तर व्यवहार, हा न्याय टिकणारा नाही.

कुणी म्हणेल, विणकरांची मुलंच माग सोडून नोकऱ्या शोधतात, मग ही कला कशाला रेटून धरायची? मुलांनी बापाचाच धंदा करावा असा आग्रह मीही धरणार नाही. पण आज बऱ्याच मुलांपुढे निवडीचा प्रश्नच उरत नाही. मजुरी परवडत नाही म्हणून ती मागावरून उठतात. पुरेसा मोबदला मिळूनही ज्याला दुसरं काही करायचं असेल, त्याने खुशाल करावं. तोवर ही कला आपोआप मरते आहे, असं म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

उपाय साधा आहे. दुकानदाराने हातमागाचा आणि यंत्रमागाचा माल वेगळ्या फळीवर, वेगळ्या पाटीखाली ठेवावा. गिऱ्हाइकाने ‘प्युअर का?’ एवढ्यावर न थांबता ‘हातमागाची का?’ हेही विचारावं, पदर उलटून पाहावा आणि मिळालेलं उत्तर बिलावर लिहून घ्यावं. तोंडी शब्द हवेत विरतो. बिलावर लिहिलेला शब्द ग्राहक न्यायालयात पुरावा म्हणून उभा राहतो. प्रामाणिक दुकानदाराला यात तोटा नाही, उलट खोट्या मालाशी करावी लागणारी त्याची स्पर्धा संपते. सरकारी योजनांची वाट पाहायला नको, नवा कायदाही नको. या लग्नसराईत पुण्यातल्या गिऱ्हाइकांनी एवढी एक ओळ बिलावर मागायला सुरुवात केली, तर येवल्याच्या विणकराला आपल्या मजुरीचा भाव सांगताना पहिल्यांदा बाजाराचा आधार मिळेल.