धूर गेला, वाफ उरली

सिगारेट सोडून निकोटिनविरहित वाफ ओढणाऱ्यानें व्यसन सोडलें, असें म्हणावें काय? आमच्या कन्हान-कामठीकडे हा प्रश्न खऱ्याच्या पुडींत पूर्वींच बांधला गेलेला आहे. तंबाखू वर्ज्य करून चुना लावून घोटलेली नुसती सुपारी चघळणारा स्वतःस मुक्त समजतो. सुपारीहि कर्करोगास कारण होते, हें त्याच्या गांवींहि नसतें. वाफेंतहि निकोटिन नसलें, तरी तापविलेलें ग्लिसरीन व सुगंधी द्रव्यें फुप्फुसांत जातातच. आपल्या देशांत 2019 च्या कायद्यानें, निकोटिन असो वा नसो, हीं यंत्रें विकण्यास सारखीच बंदी केली. द्रव्य न पाहतां यंत्र पाहिलें, हें कित्येकांस जुलमाचें वाटतें. आम्हांस मात्र निराळाच भेद महत्त्वाचा वाटतो. निकोटिनची ओढ शरीराची. ती सुटली हा लहानसा विजय नव्हे, व त्याची थट्टा करणें क्षुद्रपणाचें होय. परंतु जेवणानंतर, भांडणानंतर, रिकाम्या वेळीं हात खिशाकडे जातो, तो कशासाठीं? त्या रिकामपणाशीं गांठ घेण्याचें काम वाफ केवळ लांबणीवर टाकते. लांबणीवर टाकण्यास आमची हरकत नाहीं. किती दिवस, हें त्यानें स्वतःशीं ठरविलें आहे काय, एवढेंच आम्ही विचारूं.