पाहुण्यांची शांतता

माझे मेहुणे जपानला जाऊन आल्यापासून आमच्या घरात शांतता राहिलेली नाही, कारण ते सतत शांततेविषयी बोलत असतात. टोकियो आणि क्योटो सगळेच पाहतात. मेहुणे फुकुयामा स्टेशनवर उतरले आणि बस पकडून तोमोनोउरा नावाच्या जुन्या बंदरगावी गेले. पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, १८५९ सालचा दगडी दीपस्तंभ, चिंचोळे बोळ, आणि भर दुपारी रस्त्यावर एक मांजर. "एक मांजर, भावोजी! बाकी चिटपाखरू नाही!" हे मांजर आम्ही आतापर्यंत निदान चाळीस वेळा पाहिलं आहे. सोबत त्यांनी तिथल्या होमेइशु नावाच्या औषधी मद्याची बाटली आणली. त्यात सोळा वनस्पती असतात म्हणे. आमच्या हिने ती च्यवनप्राशाशेजारी ठेवली, त्यामुळे तिच्यावरचे सगळेच आक्षेप मिटले.

इथवर माझी काही तक्रार नाही. पण मांजराची हकीगत संपली की मेहुणे एक वाक्य हमखास टाकतात : "असं गाव असंच राहिलं पाहिजे." या वाक्याने मात्र मला छळलं. 'राहिलं पाहिजे' म्हणजे कोणी राहिलं पाहिजे? मेहुणे तर तीन तासांत परतीच्या बसमध्ये होते. आपल्या स्वतःच्या घराविषयी हे वाक्य मी कोणाच्याच तोंडून ऐकलेलं नाही. स्वतःच्या घराला माणसाला लिफ्ट हवी असते, पाइपाचा गॅस हवा असतो, दाराशी रिक्षा यायला हवी असते. जसंच्या तसं राहायला हवं असतं ते दुसऱ्याचं घर.

मला हे नेमकं ठाऊक असण्याचं कारण म्हणजे काही काळ मी स्वतःच प्रेक्षणीय स्थळ होतो. आम्ही गिरगावातल्या चाळीत राहत होतो. दर डिसेंबरात अमेरिकेहून एक नातेवाईक यायचे, गॅलरीच्या कठड्याला रेलून उभे राहायचे आणि त्यांचे डोळे भरून यायचे. "काय हा जिव्हाळा! दारं कशी सताड उघडी! हे पाडू नका हो कधी." दारं उघडी असायची कारण ती बंद केली तर आत वारा शिरायला दुसरी वाट नव्हती. आणि जिव्हाळा होता, नाही असं नाही, पण पहाटे साडेपाचला गॅलरीच्या टोकाला बादली घेऊन रांगेत उभं राहिलं की तो जरा पातळ व्हायचा. त्या रांगेत हे गृहस्थ कधी दिसले नाहीत. ते हॉटेलात उतरायचे.

तर मेहुण्यांना मी म्हटलं, चला, समुद्रकाठचं आपलं एक गाव दाखवतो. तुमच्या तोमोनोउराला बंदर आहे, आपल्या न्हावा शेव्यालाही आहे. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोऱ्याला उतरलो. (ओहोटी लागली की गाळामुळे ही लाँच बंद पडते, भरती-ओहोटीच्या वेळा पाहून निघणं हा मुंबईकराला उरलेला एकमेव पंचांगाचा उपयोग.) मोऱ्याहून उरण आणि पुढे रिक्षा. रिक्षा म्हणजे एका ट्रेलरच्या मागे आणि दुसऱ्याच्या पुढे अशी एक तिचाकी प्रार्थना. दोन्ही अंगांना कंटेनर एकावर एक रचलेले, जणू कोणीतरी चाळीच बांधल्या आणि खिडक्या ठेवायला विसरला. मेहुणे म्हणाले, "भावोजी, इथे मांजर दिसत नाही." मी म्हटलं, दिसलं तरी तुम्हाला ऐकू यायचं नाही.

न्हावा आणि शेवा ही मुळात दोन बेटं. खाडी, खाजण, तिवरांची रानं, भाताची खारी जमीन, मिठागरं. माणसं आगरी आणि कोळी. समोर घारापुरी. गोंगाटाची सोय अशी काही नव्हती. मग मुंबईच्या गोदीचा भार हलका करायला बंदर ठरलं आणि मे १९८९ मध्ये ते सुरू झालं. आज देशातल्या मोठ्यात मोठ्या कंटेनर बंदरांपैकी ते एक आहे. २०२४-२५ या एका वर्षात वीस फुटी डब्यांच्या हिशोबाने ७० लाखांहून अधिक कंटेनर तिथून गेले-आले. त्या डब्यांत कोणाचं सामान असतं? आमच्या हिचा मिक्सर त्यातूनच आला असेल, मेहुण्यांचा मांजराचे फोटो काढणारा कॅमेराही. हा खडखडाट ऐकून आम्ही कानांवर हात ठेवतो तेव्हा थोडा आमचाच आवाज आम्हाला नको झालेला असतो.

न्हाव्याच्या काठावर उभं राहिलं की समोर घारापुरी दिसते. मेहुणे म्हणाले, "ही बघा शांतता!" आता घारापुरीचं ऐका. हजारो माणसं गेट वेवरून लाँचने जायची, लेणी पाहायची, "काय शांत आहे हो!" म्हणायची आणि संध्याकाळच्या शेवटच्या लाँचने परत फिरायची. लाँच गेल्यावर बेटावरच्या तीन पाड्यांत काय उरायचं? काळोख. संध्याकाळी काही तास जनरेटर, मग तोही बंद. समोर मुंबई दिवाळीसारखी लखलखते आहे आणि इकडे पोरगं कंदिलापाशी पाढे म्हणतंय. समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून त्या बेटावर वीज आली ती २०१८ साली. आपण ज्याला शांतता म्हणून दाद दिली त्यातला बराचसा भाग पंखा नसण्याचा होता.

एवढ्यावर हात झटकून "म्हणजे गोंगाटच बरा" असं म्हणता आलं असतं तर काय हवं होतं! पण शेव्याचा कोळीवाडा आडवा येतो. बंदरासाठी तो उठला. अडीचशेच्या आसपास कुटुंबं उरणजवळ बोरीपाखाडीला नेऊन बसवली, हनुमान कोळीवाडा म्हणून. जागा अपुरी, आणि वर त्या जागेला वाळवी. दारं, चौकटी, छपराची लाकडं वाळवीने खाल्ली. चाळीसएक वर्षांत त्यांनी किती अर्ज केले असतील देव जाणे. वाळवीला कागदही आवडतो. पुनर्वसन नीट करा म्हणून या लोकांनी होड्या घालून बंदराकडे जाणाऱ्या जहाजांची वाट अडवली, तेव्हा कुठे शहरात चार ओळींची बातमी आली. आणि जगभर जहाजांच्या कागदांवर बंदराचं नाव लिहिलेलं असतं 'न्हावा शेवा'. रॉटरडॅमच्या कारकुनाला शेवा माहीत आहे. गाव उठलं, नाव तेवढं कामावर राहिलं.

जमिनी गेलेल्यांचंही तेच. रास्त मोबदला मागायला शेतकरी दि. बा. पाटलांच्या मागे उभे राहिले आणि १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व मान्य झालं. या माणसांनी शांतता मागितलेली नव्हती आणि विकासालाही नाही म्हटलं नव्हतं. आमची जमीन घेताय तर हिशोब आमच्याशी बोला, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पाहुण्याच्या मनात मात्र गावाची दोनच चित्रं असतात : एक मांजराचं आणि एक क्रेनचं. हिशोब बोलणारं गाव त्याच्या कॅमेऱ्यात मावत नाही.

मग ज्याचं गाव त्याने ठरवावं, झालं, असं मी परतीच्या वाटेवर मेहुण्यांना ऐकवलं. पण मेहुणा म्हणजे ऐकून घेणारा प्राणी नव्हे. त्यांनी तोमोनोउराचीच पुढची गोष्ट सांगितली, जी मांजराच्या नादात आजवर राहून गेली होती. त्या बंदराचा थोडा भाग बुजवून वरून पूल न्यायची योजना १९८३ पासून होती. गावातले काही जण कोर्टात गेले आणि २००९ साली हिरोशिमाच्या जिल्हा न्यायालयाने सांगितलं की बंदराचं हे दृश्य हेच रहिवाशांचं हित आहे, भराव घालता येणार नाही. पुढे पुलाचा नाद सोडून डोंगरातून बोगदा काढला. टाळ्या! पण त्याच गावातल्या पुष्कळ जणांना तो पूल हवा होता. बोळांतून दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीने मागे जायचं, म्हाताऱ्यांची वस्ती, रुग्णवाहिका अडते. ज्या बोळाचे मेहुण्यांनी फोटो काढले तो बोळ तिथल्या एखाद्या आजीबाईंच्या दृष्टीने वैरी होता. म्हणजे 'गावाने ठरवावं' म्हणायला गाव एक तरी हवं! आमच्या सोसायटीत गच्चीला कोणता रंग द्यायचा यावर तीन सभा झाल्या आणि गच्ची अजून बिनरंगाची आहे.

गंमत पाहा, आपल्याकडे शिवडीहून न्हावा शेव्याला जो अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला खुला झाला, त्यालाही मोठं कर्ज जपाननेच दिलं. जवळजवळ २२ किलोमीटर लांबी, त्यातले साडेसोळा समुद्रावर. घरचा छोटा पूल कोर्टात अडला आणि परगावचा एवढा मोठा झाला! यात जपानी माणसाचं काही चुकलं असं मला वाटत नाही. दुसऱ्याच्या दारातला पूल सगळ्यांनाच सोयीचा दिसतो, जशी दुसऱ्याच्या दारातली शांतता सुंदर दिसते. माझ्यापुरतं मी इतकंच ठरवलं आहे की परगावी गेल्यावर 'राहिलं पाहिजे' हे क्रियापद वापरायचं नाही. 'राहिलं तर बरं' इथपर्यंत जायला हरकत नाही, तेही चहाचे पैसे देऊन झाल्यावर.

हो, चहावरून आठवलं. न्हाव्याला टपरीवर एक वृद्ध कोळी जाळं विणत बसले होते. त्यांनी आम्हा दोघांना आपादमस्तक न्याहाळलं. "काय बघाला आयलाव?" मेहुणे म्हणाले, "काही नाही काका, जरा शांतता." काकांनी समोर उभ्या असलेल्या जहाजांकडे पाहिलं, मागच्या रस्त्यावरच्या ट्रेलरकडे पाहिलं आणि जाळ्याची गाठ घट्ट केली. बोटींच्या वाटेत जाळं टाकता येत नाही, पूर्वी जिताडा दारात मिळायचा, आता लांब जावं लागतं, धाकटा कंटेनरच्या यार्डात कामाला आहे, पगार वेळेवर होतो, असं सगळं एकाच सुरात, मासळीचा भाव सांगावा तसं सांगून झालं. मग आमची चौकशी सुरू झाली. कुठे राहता? डोंबिवली. पाणी किती वेळ येतं? गाडीला गर्दी असते म्हणतात, ती खरी का? आठ बावीसच्या लोकलला माणसं दारात नुसती लोंबकळतात हे ऐकून त्यांचे डोळे चमकले.

"एकदा येतो बघायला," काका म्हणाले.

मेहुण्यांनी लगबगीने सांगितलं, "रविवारी या काका. रविवारी जरा शांत असतं."

"मग नको," काका म्हणाले, "सोमवारीच येतो."